मानपत्रातून खोडलेली ओळ

"शुभ कार्यात हे पायपुसणं कशाला गं?" आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या आणि लाल पेनाने माझी ओळ खोडली. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. "तुम्हा लोकांना ना, रडगाण्याची सवयच असते."

तुम्हा लोकांना.

कल्याणच्या आमच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ होता. पाहुण्या म्हणजे एका विद्यापीठाच्या पहिल्या दलित बाई कुलगुरू. आमच्यातल्या! शहाडला चाळभर नाचत सांगितलेलं मी. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं. माहितीसाठी मी डायरेक्ट बाईंनाच फोन लावलेला. त्या हसत हसत सांगत होत्या, "अगं, शाळेत मला वर्गाबाहेर बसवायचे, पायपुसण्यावर. तिथूनच पाढे पाठ केले मी." मी ते तसंच्या तसं लिहिलं.

मॅडमनी त्या जागी लिहून दिलं, 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून'. झालं. संपलं पायपुसणं.

आणि मी काय केलं? "सॉरी मॅडम" म्हणाले. घरी आले, नवा कागद घेतला आणि माझ्याच हाताने, वळणदार अक्षरात, ती ओळ गाळून सगळं परत लिहिलं. पप्पा वागळे इस्टेटमधल्या कामावरून आलेले. बघून म्हणाले, "वा! छापल्यासारखं आहे गं." मला जेवण गेलं नाही.

समारंभात मानपत्र मॅडमनीच वाचलं. शाल, श्रीफळ, फ्रेम, टाळ्या. मग डिग्र्या. माझं नाव आलं, स्टेजवर गेले. बाईंनी डिग्री हातात देता देता विचारलं, "मानपत्र कोणी लिहिलं गं? काय सुंदर अक्षर!"

बाजूला उभ्या मॅडम पटकन, "आमच्या विभागाने."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "मी लिहिलं. तुमचं पायपुसण्याचं होतं त्यात. ह्यांनी खोडलं. आणि मी खोडू दिलं."

पुढच्या रांगांना ऐकू गेलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

डिग्री अजून आम्हा दोघींच्या हातात होती. त्या मॅडमकडे बघून हसल्या. सवयीचं हसणं. मग हळूच मला म्हणाल्या, "राहू दे गं बाळा."

ते हसणं जातच नाही डोळ्यांसमोरून. कुकर लावताना, रिक्षात, कुठेही. फोनवरचं हसणंही आता वेगळं ऐकू येतं. एवढ्या मोठ्या खुर्चीत बसलेल्या बाई, आणि अजून कोणालातरी विचारतायत, आत येऊ का?

रागावले नाही मी त्यांच्यावर. घाबरले. कारण ते हसणं मलाही येतं. "सॉरी मॅडम" म्हणताना मी अगदी तसंच हसलेले.

आता नाही हसणार. एम.ए.चा फॉर्म त्याच विभागात भरलाय. मॅडमच शिकवायला आहेत. मी पहिल्या बाकावर बसणार, आणि खरं लिहिलेली एकही ओळ कोणाला खोडू देणार नाही. नापास करायचं तर करा.