साकोलीवरून आणलेली

“साकोलीवरून आणली तवा सरळ दिसे. तापली का वाकडी होईन, पाहून घ्या.”

सासूबाई अंगणात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे हळूच सांगत होत्या आणि आत खिडकीशी मी लॅपटॉप घेऊन बसलेली. आता काय सांगू, माझं माहेरच साकोली! सिहोऱ्यात सून होऊन आले त्याला महिनाही झाला नव्हता. मग हे कोणाबद्दल, ते विचारायचं कशाला?

त्यात माझं काम बघा. धातूची पूड लेझरने वितळवून, थरावर थर देत यंत्रांचे भाग घडवतात. तापलेला थर थंड होताना आकसतो, खालच्याला ओढतो आणि भाग वाकतो. किती वाकेल, कोणीकडे वाकेल, याचा अंदाज मी आधीच काढून देते. भाग तयार झाला की मोजून ताडून बघते. इथे तर माझाच अंदाज निघाला होता.

ठरवलं, तापायचंच नाही. भाजी अळणी म्हणाले, मी हसले. नवऱ्याने माझा चार्जर नेला, हसले. गाल दुखेपर्यंत हसले. शेवटी सासूबाईंनी मुलाला बाजूला घेतलं, “काहून रे, हे पोरगी दिवसभर कायले हासून राहिली?”

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मी स्वयंपाकघरात भात काढत होते. बाहेरून मामाजींचा आवाज आला, “उद्या टेम्पो चालला. तिले साकोलीले वापस नेऊन देतो.”

“द्या नेऊन,” नवरा म्हणाला. “रोजची कटकट कायले पाहिजे?”

कटकट? मी? ज्या बाईचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, ती?

भाताचं पातेलं हातात तसंच धरून मी बाहेर आले. “मामाजी, मले वापस नका नेऊ. मी तापत नाही. अन् तापली तरी वाकडी नाही होणार!”

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

“बाई,” मामाजी जपून म्हणाले, “न्हाणीच्या दाराची चौकट आहे ना, तुझ्या बाबाच्या ओळखीच्या दुकानातून आणली ते? तिचं बोलून राहिलो. लोखंड पातळ आहे. बिजागऱ्या वेल्डिंग केल्या का वाकन म्हणते तुझी सासू.”

लोखंड, उष्णता, वाकणं. याचाच तर मी पगार घेते! खाली मान घालून भात वाढला. पण कामाचं काम. “तिले वापस कायले नेता?” मी म्हटलं. “आधी जराशी उलटी वाकवून घ्या. मंग तापली, थंड झाली, का ओढल्या जाते अन् सरळ होते.”

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “आता हे कोणाचं सांगून राहिली?”

“चौकटीचंच, आई. माझं अजून मोजून झालं नाही.”