सरळ उभी केलेली काळी बाहुली

त्या महागड्या बाहुलीचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासूनच माझं तिच्याशी जमलं नाही. केसाळ अंग, उभे कान आणि भांडायला उठल्यासारखे विचकलेले दात. लेक चौथीत होती. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या दप्तराला ती लोंबत होती. बंद खोक्यात मिळते, आत कोणती निघेल ते कळत नाही, म्हणून हवी ती निघेपर्यंत खोकी घेत राहायची. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्यासमोर बसवा, एवढंच माझं म्हणणं आहे. अस्सल बाहुलीची किंमत ऐकली आणि मी हातातला ब्लाऊज खाली ठेवला. नगरमध्ये आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. असल्या किमती आमच्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही.

"मग नकली घे ना," मी म्हणाले. बाजारात तिच्या नकला ढिगानं पडल्या होत्या.

"मुली शिवण उलटून बघतात गं, आई. नकली असली की हसतात."

नऊ-दहा वर्षांच्या पोरी, आणि शिवण उलटून बघतात! हे त्यांना शिकवलं कुणी? त्यांच्या आयांनीच ना.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बंगल्यात लेकीची जिवाभावाची मैत्रीण राहायची. तिच्याकडे तसल्या दोन होत्या, पण ती पोरगी चांगली होती. शाळा सुटली की आमच्याकडे येऊन माझ्या कातरणात तासन्‌तास रमायची. लेकीला बाहुली हवी होती ती खरं तर तिच्यासाठीच. दोघींची दप्तरं सारखी दिसावीत, एवढाच हट्ट होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घोडेगावजवळ माझ्या माहेरी गेलो. माझा भाऊ कांद्याचा ट्रक चालवतो. ट्रकच्या पुढच्या बाजूला, आमच्याकडे सगळ्याच गाड्यांना असते तशी, लिंबू-मिरचीबरोबर काळी बाहुली उलटी टांगलेली होती. लेक तिच्यासमोर थबकलीच.

"आई, हिलापण दात आहेत! मला ही पाहिजे."

भाऊ पोट धरून हसला. मग म्हणाला, "ही न्हाई द्यायची, बाळा. एकदा टांगलेली बाहुली काढून घरात नेत न्हाईत. रस्त्यावरच्या समद्यांची दृष्ट हिनं घेतलेली असती. चल, शिंगणापुरातून तुला कोरी घिऊन देतो."

आमच्या भागात हे लहान पोरालाही कळतं. दुकानातली कोरी बाहुली म्हणजे नुसती लोकर आणि चिंध्या. लिंबू-मिरची बांधून उलटी टांगली की ती कामाला लागते, आणि मग तिला कुणी हात लावत नाही. म्हणून भावानं दुकानातल्या बाईला बजावून सांगितलं, "लिंबू-मिरची नको, मावशी. नुस्ती बाहुली द्या. पोरीला खेळायची हाय." ती बाई आधी बघतच राहिली. मग तिनं माळेतून दोन्ही डोळे नीट बसलेली एक शोधून काढली आणि लेकीच्या हातात दिली.

घरी येऊन मी तिला पोपटी खणाचा परकर शिवला, त्याला जरीचा काठ लावला. दातांसाठी पांढरी नागमोडी लेस कापून नवीन ओळ बसवली. कानात लाल मणी. आणि नाडीची कडी मुद्दाम डोक्यावर शिवली, म्हणजे दप्तराला लावल्यावर पाय खाली राहतील. बाहुली असली गोड दिसायला लागली, की शिवायला टाकलेले ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकाही तिला हातात घेऊन बघत बसल्या. शाळेत तर मुलींनी रांग लावली. शिवण उलटून बघायचं कुणाला सुचलंही नाही.

मैत्रिणीनं एका रात्रीसाठी ती मागितली आणि बदल्यात आपली महागडी बाहुली लेकीला दिली. ज्या वस्तूसाठी एवढं रडून झालं होतं ती घरात आली, तर लेकीनं ती फळीवर ठेवली आणि मला विचारलं, "आपल्या बाहुलीला तिकडं करमत असेल का गं?"

दुसऱ्या दिवशी मैत्रीण शाळेत आली नाही. ताप. तेव्हा हवाच तशी होती, अर्धा वर्ग खोकत होता. पण संध्याकाळी आयांच्या ग्रुपवर तिच्या आईचा मेसेज आला. दप्तराला काळ्या बाहुल्या लावून मुलं शाळेत पाठवणाऱ्यांनी जरा भान ठेवावं, करणीच्या वस्तू दुसऱ्यांच्या घरात पाठवू नयेत. खाली हात जोडलेली चित्रं, एकापाठोपाठ एक. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी शाळेच्या व्हॅनवाल्यानं लेकीला मुलींमधून उठवून पुढं आपल्या शेजारी बसवलं. "घरोघरून फोन आलेत, ताई. मी तरी काय करू?" माझी नजर चुकवून तो म्हणाला. लेक समोरच्या काचेकडे बघत बसली होती.

व्हॅन गेली तशी मी ती महागडी बाहुली उचलली आणि बंगल्यावर गेले. मैत्रिणीच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

"पोरगी कशी आहे?" मी आधी तेच विचारलं.

"आता बरी आहे."

"मग आमची बाहुली द्या."

"ती नाही आता. सासूबाईंनी पोरीवरून उतरवून तिठ्यावर नेऊन जाळली."

"माझ्या लेकीची वस्तू जाळली? मला न विचारता?"

"तुमच्याकडे कुणाकुणाचे कपडे येतात, काय काय येतं, आम्हाला काय माहीत? रिस्क कशाला घ्यायची?"

रिस्क! लग्नाचे ब्लाऊज माझ्याकडून शिवून घेताना ही रिस्क कुठं गेली होती? मी वर बघितलं. वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं, आणि बाहेर आलेल्या सळईला हातभर लांबीची काळी बाहुली टांगलेली होती. उलटी, जीभ बाहेर काढलेली, उन्हापावसानं विटलेली.

"आणि ती?"

"ती वेगळी. ती घराच्या रक्षणाला आहे."

"ती टांगलेली आहे, बाई! येणाऱ्याजाणाऱ्याची नजर खाऊन बसलेली. तिच्याखालून तुमची पोरगी रोज ये-जा करते, त्यानं काही होत नाही. आणि माझ्या लेकीनं परकर नेसवलेल्या बाहुलीनं ताप येतो? उलटं काय आणि सरळ काय, एवढं तरी कळतं का तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. गल्लीतली दारं उघडली. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. मी तिची बाहुली उंबऱ्यावर ठेवली. "ही मोजून-मापून बघून घ्या. हिच्यावरून काही उतरवायचं असेल तर खुशाल उतरवा."

तिथून तडक शाळेत गेले. वर्गशिक्षिका समजूतदार होत्या. त्यांनी दोन-चार आयांना बोलावून चांगलं सुनावलं. मेसेज काढला गेला. व्हॅनमध्ये लेकीची जागा परत मिळाली. मैत्रीण ठणठणीत बरी होऊन शाळेत यायला लागली. तिची आई मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "जाऊ द्या ना, गैरसमज झाला." काय पण सोयीचा शब्द काढला! पोरीची बाहुली जाळायची, तिला चारचौघांतून उठवायला लावायचं आणि मग पदर झटकून मोकळं व्हायचं. तरी मी विषय वाढवला नाही. भांडण मी जिंकलं होतं, पोरींचं पुन्हा जमलं की झालं, असं मला वाटत होतं.

मग एकदा लेकीला व्हॅनपर्यंत सोडायला गेले. मैत्रीण खिडकीतून हात हलवत तिला हाका मारत होती, शेजारची जागा थोपटून दाखवत होती. लेक मान खाली घालून बुटांकडे बघत चढली आणि पाठ करून मागं जाऊन बसली. त्या दिवशी ती शाळेतून आल्यावर मी रागावलेच.

"एवढी हाका मारते ती. तिच्याकडे बघायला काय होतं तुला?"

"मी मुद्दामच बघत नाही, आई. तिला परत ताप आला तर?"

"अगं, बाहुलीनं ताप येत नाही. किती वेळा सांगितलं तुला?"

"बाहुलीनं नाही." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "बाहुली तर जळून गेली. पण मुली म्हणतात, नजर बाहुलीची नसते, माणसाची असते."

मी मशीनवरून उठले, तिच्यासमोर बसले आणि हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. "माझ्याकडे बघ," मी म्हणाले.

तिनं डोळे गच्च मिटून घेतले.