डब्यावर दगड

सुनंदाचा घट्ट झाकणाचा, चांगला जाड स्टीलचा डबा मी सात वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या जंगलात ठेवून आलो आणि तो अजून तिथंच आहे.

हे वाचून कुणाला वाटेल, नवरा-बायकोचं भांडण झालं असेल. तसं काही नव्हतं. (भांडण डबा गेल्यावर झालं.) चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात आमचं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मुलगी पल्लवी तेव्हा दहा वर्षांची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून तिचा मामेभाऊ आला आणि जाताना आमच्या घरात एका खेळाचं खूळ सोडून गेला. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एक डबा घ्यायचा, त्यात छोटी वही आणि पेन्सिल ठेवायची, डबा कुठं तरी लपवायचा आणि ती जागा अ‍ॅपमधल्या नकाशावर टाकायची. मग कुणीही ती शोधत येतं, वहीत नाव लिहितं, डबा होता तसा परत ठेवतं आणि ‘सापडला’ म्हणून अ‍ॅपवर कळवतं. संपला खेळ. बक्षीस वगैरे काही नाही.

“मंग लोकं जातेत कायले?” सुनंदानं विचारलं.

“शोधाले,” पल्लवी म्हणाली.

“तुह्या बाबाचा चष्मा घरात रोज हरवते. तो शोधाले बोलाव न त्यायले.”

पण पल्लवीला झपाटल्यासारखं झालं होतं. मामेभावानं तिला सांगितलं होतं की जे डबे कुठल्या कुठं आडरानात असतात आणि वर्षानुवर्षं कुणाला सापडत नाहीत, त्यांचीच या खेळात खरी किंमत. जगात कुठं वाळवंटात, कुठं बर्फात असे डबे आहेत आणि लोक त्यांच्यासाठी झुरतात. त्यामुळे तिची एकच अट होती.

“बाबा, जिथी कोनीच नाई जात तिथी ठेवजा.”

मी एका रविवारी मोटारसायकल काढली. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिशवी, पिशवीत डबा. वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागं टाकलं, डांबर संपेपर्यंत गेलो. शेवटच्या गावात हातपंपावर एका बाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, “पुढं नको जाऊ भाऊ, वाघ फिरून राह्यला.” मी हेल्मेटच्या आतून जमेल तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणालो, “बाई, मले काम आहे.” (डबा लपवणं याला त्या वेळी मी काम समजत होतो.)

गावापुढच्या वळणावर ऐनाचं मोठं झाड होतं. गाडी उभी केली, हेल्मेट फांदीला अडकवलं, मुळांच्या बेचक्यात डबा ठेवला. आजूबाजूला जे मिळेल त्यानं डबा झाका, असं अ‍ॅप सांगत होतं. आजूबाजूला दगड होते. मी ते डब्यावर नीट, एकावर एक रचले. रचना इतकी छान जमली की दोन पावलं मागं जाऊन मी ती कौतुकानं पाहत उभा राहिलो, आणि तेवढ्यात झाडांवर वानरं खेकसायला लागली.

वाघ दिसला की वानर खेकसतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. माणूस दिसला तरी ते खेकसतं, ही माहिती मी नंतर मिळवली. आवाज परतीच्या वाटेकडून येत होता, म्हणून मी गाडी सरळ पुढं पळवली आणि कुठल्या कुठल्या गावांतून वळसे घालत दिवेलागणीला घरी पोचलो. पोचल्यावर लक्षात आलं की हेल्मेट फांदीलाच राहिलं आणि डाव्या पायात चप्पल नाही.

“डबा?” सुनंदानं पहिला प्रश्न विचारला. माझ्या पायाकडं तिचं लक्ष बरंच उशिरा गेलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. पल्लवी शाळेतून आली की दप्तर फेकून आधी माझा मोबाइल घ्यायची. सहा महिने गेले, वर्ष गेलं, कुणी आलं नाही. मधूनमधून आमच्यात चर्चा व्हायची. पल्लवीला वाटायचं, अस्वलानं झाकण उघडलं असेल. मला वाटायचं, वाळवीनं वही खाल्ली असेल. सुनंदाला वाटायचं, कुणी तरी शहाणी बाई त्यात लोणचं घालून बसली असेल. खरं सांगतो, त्या डब्याचं काय झालं असेल याची उत्सुकता मला दुकानाच्या धंद्यापेक्षा जास्त होती. पण एकट्यानं जाऊन बघायची हिंमत नव्हती आणि दोघींना घेऊन जावं तर वानरांचा प्रसंग पुन्हा घडला असता. पल्लवी मोठी झाली, बारावीला गेली, तरी रोज एकदा मोबाइल बघायचीच. ‘अजून नाई,’ एवढंच म्हणायची. दर वेळी मला वाईट वाटायचं.

आणि या मार्चमध्ये निरोप आला! नागपूरचं एक जोडपं फक्त वर्षानुवर्षं न सापडलेलेच डबे शोधत देशभर फिरत होतं. पुढच्या रविवारी ते आमच्या डब्यासाठी येणार होते. डबा जागेवर आहे ना, एवढं मालकानं बघून कळवावं, नाही तर नकाशावरून तो काढून टाकण्यात येईल, असं अ‍ॅप सांभाळणाऱ्यांनीही लिहिलं होतं.

“नवा डबा ठेवून देऊ तिथी,” मी सोपा मार्ग सुचवला.

“नवा ठेवला तं सात वर्सं कायची न सापडलेला?” पल्लवीचा आवाज बदलला. “बाबा, तोच पायजे. माहाच डबा सापडला पायजे कोनाले तरी.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं जुन्या चारचाकीतून निघालो. (सुनंदा येताना डब्याच्या बदल्यात ठेवायला प्लास्टिकची बरणी घेऊन आली होती.) मोहाचे दिवस होते, जंगलभर वास सुटला होता. मोबाइलनं ‘पोचलात’ म्हणून सांगितलं आणि आम्ही खाली उतरून बघतच राहिलो.

ऐनाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी माझ्या छातीएवढा उंच दगडांचा ढीग होता. ढिगावर बांबूला बांधलेलं पांढरं फडकं होतं, पुढं नारळाच्या कवट्या, पळसाच्या द्रोणात मोहाची फुलं, विड्या. आणि सगळ्यात वर, बांबूच्या टोकाला, उन्हानं पांढरं पडलेलं एक हेल्मेट.

पल्लवी मागच्या बाजूनं फिरून आली. “बाबा, याच्यावर मी चिकटवलेलं फुलपाखरू हाये.”

“तुमची चप्पल बी हाये,” सुनंदा खाली वाकून म्हणाली. “शेंदूर लावला तिले.”

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. आमच्या मुलखात जंगलाच्या वाटेवर वाघानं कुणाला नेलं की त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. त्यामुळे ओसाड वळणावर कुणी चार दगड नीट रचून ठेवले, तर ते झाकण आहे असं या भागातला एकही माणूस समजणार नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अ‍ॅपनं ‘झाका’ म्हटल्यावर मात्र मी विसरलो.

पण डबा काढायचा होता. आम्ही वरचे दगड उचलायला लागलो. पाच-सहा काढले असतील, तोच पाठीमागून पावलं वाजली. टोपल्या घेतलेल्या तिघी बाया येत होत्या. आम्ही जागच्या जागी थिजलो, प्रत्येकाच्या हातात एक दगड. बायांनी वाटेवरचा एकेक दगड उचलला, ढिगावर ठेवला, हात जोडले. आता आम्हालाही दुसरं काय करता येणार? आम्ही आमचे दगड परत ठेवले.

“बराबर केलं,” सगळ्यात पुढची म्हातारी म्हणाली. तिला मी ओळखलं. हातपंपावरची बाई. तिचं नाव सोमीबाई, हे नंतर कळलं. “नवे दिसता. पयल्यांदाच आले का या वाटेनं?”

“हो,” मी म्हणालो. “इथी कोन गेलतं, बाई?”

“एक भाऊ होता. टोपा घालून, गाडीवर आलता. मीच पानी देल्लं त्याले. म्हनलं, जाऊ नको. तं म्हने, मले काम आहे.” तिनं सुस्कारा सोडला. “गेला तो गेला. वापस नाई आला. दुसऱ्या दिवशी गाववाले आले पाहाले, तं टोपा झाडाले, एक चप्पल खाली. अन् कोनं तरी आमच्या आंधी चार दगड बी ठेवून गेलतं.”

“आणि गाडी?” मला राहवलं नाही.

“गाडी कोनी चोरून नेली असन. लोकायचं काय सांगाव, भाऊ.”

“दिसाले कसा होता?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. “बारीक होता. केसं बी होते.”

पल्लवीनं तोंडात ओढणी कोंबली. मी तोंड उघडणार होतो, बाई, तो मीच, असं म्हणणारच होतो. तेवढ्यात सोमीबाई पुढं म्हणाली, “त्याची बायको मात्र एकडाव बी आली नाई पाहाले. कशी बाई असन.”

सुनंदाचा चेहरा उतरला. माझ्यासोबत इतकी वर्षं संसार केला, पण इतका अन्याय तिच्यावर कुणी केला नव्हता.

“तिले कोनं सांगतलंच नसन, बाई,” ती कशीबशी म्हणाली.

“ते बी खरं.” सोमीबाई टोपली खाली ठेवून बसली. “माही जाऊ वाघानं नेली दोन वर्सामागं. तिकडच्या वाटेनं, मोह येचाले गेली तं. ह्या वाटेनं मात्र आमची कोनी नाई गेली. ह्या भावाच्या नावानं दगड ठेवतो अन् जातो. तो राखते आमाले. अंधारातच निंगाव लागते, उजाडाची वाट पाह्यली तं ढोरं फुलं खाऊन टाकतेत. पन ह्या वाटेनं मनात भेव नाई राहत.”

बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. त्यांतली एक पल्लवीच्याच वयाची असेल.  मला हसू येत होतं की काय होत होतं, आजही सांगता येणार नाही. मी जिवंत आहे हे एक वाक्य सांगायला मला काही जड नव्हतं, पण त्यानंतर उद्या पहाटे या तिघी कुणाच्या भरवशावर इथून गेल्या असत्या?

मी पल्लवीकडं पाहिलं. डबा तिचा होता, वाट तिनं पाहिली होती.  तिनं वाटेवरून चांगला मोठा दगड शोधून आणला आणि जिथून आम्ही दगड काढले होते तिथं घट्ट बसवला. तिचे डोळे भरले होते.

“चला बाबा,” ती म्हणाली. “राहू द्या तिथीच.”

निघताना सोमीबाईनं सुनंदाला विचारलं, “तुमी वळखत होते का त्या भावाले?”

“थोडंसं,” सुनंदा म्हणाली. “चांगला होता बिचारा.”

(माझ्याबद्दलचं हे तिचं मत मी पहिल्यांदाच ऐकलं.)

घरी येऊन पल्लवीनं त्या जोडप्याला कळवलं: डबा दगडांखाली आहे, पण कृपा करून एकही दगड हलवू नका, ही जागा माझ्या बाबांची आहे, कारण गावात विचारा. मी वाचून ‘छान लिहिलंस’ म्हणालो. त्यात खोट काय आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. सात वर्षांत पहिल्यांदाच अ‍ॅपवर आमच्या डब्याखाली कुणी तरी काही तरी लिहिलं होतं. पल्लवी किचनमधून धावत आली. नागपूरच्या जोडप्यानं लिहिलं होतं की त्यांनी आजवर पुष्कळ डबे शोधले, पण असा डबा पाहिला नाही. डबा सापडला नाही आणि सापडूही नये. तो ठेवताना त्याच्या मालकाला वाघानं नेलं, आणि आता त्याची धीराची लेक वडिलांची आठवण जपते आहे. दोघांनी एकेक दगड ठेवला, सोमीबाईच्या हातचं पाणी प्यायले आणि परत गेले.

“सापडला नाई,” पल्लवी म्हणाली, “पन आलं न कोनी तरी.” तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून माझी सात वर्षं वसूल झाली.

त्यानंतर मोबाइल थांबेचना. केरळहून, कोलकात्याहून, जर्मनीहून. आपल्या खेळातला एक शूर माणूस गेला. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. त्यांच्या हसऱ्या स्वभावाची आठवण येईल. (हे लिहिणारा माणूस फिनलंडमध्ये राहतो.) मी लगेच ‘मी ठणठणीत आहे’ असं लिहायला घेतलं. सुनंदानं मोबाइल काढून घेतला.

“एवढं चांगलं लिहून राह्यले लोकं. ठेवा न आता. कोनी तिथी जाऊन सांगितलं तं त्या बायायनं काय कराव?”

ते पटलं. शिवाय ते निरोप मी रोज वाचतो, आणि जिवंत माणसाला असं काही कुणी लिहीत नाही हेही मला ठाऊक आहे.

आता मोहाचे दिवस आहेत तोवर दर रविवारी आम्ही त्या वाटेनं जाऊन येतो. सुनंदा खाली उतरून दगड ठेवते, बायांशी बोलते, त्या भावाच्या बायकोचं नाव कुणी काढलं तर तिची बाजू मांडते. मीही दगड ठेवतो, डोळे मिटतो आणि वाघ आडवा येऊ नये म्हणून मनापासून हात जोडतो. फक्त गाडी बंद करत नाही. त्या देवाला आतून ओळखणारा आमच्यात मी एकटाच आहे.