मी एम.ए.साठी मुली पाहिल्या

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा घेता घेता ऐका, म्हणजे शिकलेली बाई किती मूर्ख असू शकते ते कळेल.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मुंबईला मानसशास्त्रात एम.ए. करत होते. विषय काय, तर बायका आपल्या रूपाची तुलना कोणाशी करतात! मे महिन्यात बोटीनं विजयदुर्गाला उतरले आणि आमच्या गावात वही घेऊन घरोघर हिंडू लागले. उंची किती? वर्ण कसा? स्वतःतलं काय आवडत नाही?

काय ते स्वागत! मुली नवी लुगडी नेसून, अबोलीचे गजरे माळून तयार! मला वाटलं, शास्त्राची केवढी ही ओढ!

"उंची पाच फूट तीन लिव," एक आई म्हणाली.

"अहो, पाच फूटसुद्धा दिसत नाही!"

"अजून वाढता ती!"

मुलगी बावीस वर्षांची. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

मग शालनचं घर. चोवीस वर्षांची, सावळी. तिला तिघे बघून नकार देऊन गेलेले. तिनं खाली बघत सगळं खरं सांगितलं.

"स्वतःतलं काय आवडत नाही?"

"रंग."

"कोणासारखं दिसावंसं वाटतं?"

"माझ्या भयणीसारख्या. ती गोरी आसा. तिका पयल्याच खेपेक पसंत केल्यानी."

इतकं छान उत्तर! मी आनंदानं उतरवून घेतलं. लाज वाटते आज.

तिच्या आईनं फणसाचे गरे पुढे केले. "मगे, कधी कळवतलंस?"

"काय, मावशी?"

"तुझ्या भावाक चेडू पसंत आसा काय नाय, तां!"

माझा भाऊ मुंबईला नोकरीत, बिनलग्नाचा. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी सोडून सगळ्यांना कळलं होतं मी कशाला आलेय ते! कसंबसं सांगितलं, हा नुसता अभ्यास आहे.

मावशी गऱ्यांची ताटली उचलून आत गेली.

शालन मात्र बसून राहिली. "तुझो भाव लग्नाचो आसा मां?"

"आहे."

"मगे?"

"त्याला गोरी मुलगी हवी आहे गं."

"ह्यां पण लिवन घी," ती म्हणाली आणि उठली.

मी नाही लिहिलं. कारण माझा भाऊ असं कधी म्हणालाच नव्हता हो. ते माझं मीच म्हटलं होतं!