दुसऱ्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

लोमच्या बंदरात डॅन्यूबकाठची सगळ्यात उंच क्रेन माझी नणंद झ्द्राव्का चालवते. तिचा हात इतका स्थिर, की डोक्यावरून कोळसा जात असला तरी खालची माणसं मान वर करत नाहीत. तिचा नवरा कधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. एकुलती मुलगी रालित्सा स्पेनमध्ये हॉटेलात कामाला.

हिवाळ्याच्या बेगमीला जाड मिरच्या भाजायच्या दिवसांत आम्ही दोघी अंगणात त्यांच्या साली काढत बसलो होतो. झ्द्राव्का मधेच थांबली.

"कालिना, इथे हात लाव."

उजव्या स्तनात काखेच्या बाजूला अक्रोडाएवढं काहीतरी टणक होतं. सरकत नव्हतं.

"मार लागला असेल कुठे," मी म्हटलं.

"आईलाही असाच लागला होता."

तिची आई चाळिशी ओलांडते न ओलांडते तोच गेली होती. आमच्याकडे रिवाज आहे तशी तिच्या फोटोची काळ्या चौकटीची निधनपत्रिका दर पुण्यतिथीला फाटकावर नव्यानं लागायची. पावसानं यंदाच्या पत्रिकेवरचा चेहरा अर्धा खाल्ला होता.

गावातले सर्जन डॉक्टर कोलारोव यांनी तुकडा काढून तपासला. कर्करोगच निघाला.

"मंगळवारी भरती व्हा," ते म्हणाले. "स्तन काढू. काखेतल्या गाठीही सगळ्या, रोग तिथूनच पसरतो."

"मग हात?"

"सुजण्याची शक्यता आहे. जड उचलायचं नाही."

"मी कुठे उचलते? क्रेन उचलते."

"बाई, जीव वाचवायचा की क्रेन?"

रात्री जेवताना झ्द्राव्का म्हणाली, राजधानीत, सोफियाला जाऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, चिडला. "तुला दुसरा डॉक्टर हवाय की दुसरं उत्तर?"

"दोन्ही," ती म्हणाली.

गाठीचा तुकडा लावलेल्या तपासणीच्या काचा मागायला आम्ही पुन्हा कोलारोवांकडे गेलो. त्यांचा चेहरा पडला. "भरवसा नाही का माझ्यावर?"

"आहे. म्हणून तर तोंडावर मागतेय."

त्यांनी स्वतःच काचा कापसात गुंडाळून दिल्या. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, "जा, पण रेंगाळू नका. ही गाठ थांबणारी नाही."

गाडी डोंगरातून एकामागून एक बोगद्यात शिरत होती. झ्द्राव्कानं पुडकं मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. एका बोगद्यात अंधारातून तिचा आवाज आला, "उशीर तर करत नाही ना मी?"

सोफियाच्या डॉक्टर मिनेवा वयानं आमच्याहून लहान. काचा पुन्हा तपासून झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. "तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर आहे. पण ही जात वेगानं वाढणारी. मी आधी औषधं देईन, ऑपरेशन नंतर. काखेतल्या गाठी सरसकट काढायच्या नाहीत. आधी एक-दोन काढून तपासू. त्या साफ निघाल्या, तर बाकीच्या राहू देऊ."

झ्द्राव्कानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि उठायला कोट आवरला.

"बसा," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "आई कशानं गेल्या?"

"यानंच."

"मावशी?"

"तीही. पोटात झाला होता तिला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मुलगी आहे तुम्हाला?"

पटापट उत्तरं देणारी झ्द्राव्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आहे."

आनुवंशिक दोष शोधायला केलेल्या रक्ततपासणीचा निकाल आला तोवर औषधांनी तिचे केस गेले होते. दोष रक्तातच होता, आईकडून आलेला. मुलीत असण्याची शक्यता निम्मी. मिनेवाबाईंनी दोन्ही स्तन काढण्याचा सल्ला दिला, पुढे अंडाशयही. एका स्तनाच्या ऑपरेशनवर दुसरं मत घ्यायला सोफियापर्यंत गेलेली बाई एवढंच म्हणाली, "काढा."

मुलीला सांगायचं मात्र ती टाळत राहिली. आधी सण आला, मग रालित्साचं लग्न ठरत होतं. शेवटी मी बोललेच.

"वन्सं, तुम्ही स्वतःसाठी दोन डॉक्टर गाठलेत. पोरीला एकही नको?"

तिनं माझ्याशी अबोला धरला. मग एका रविवारी मला शेजारी बसवून फोन लावला. रालित्सानं सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलंस ना आई? झालं तर मग. आता हा विषय पुन्हा नको."

ऑपरेशन पार पडलं. काखेतल्या गाठी साफ निघाल्या. हात वाचला. पुढच्या वर्षी झ्द्राव्का पुन्हा क्रेनवर चढली, तेव्हा खालच्या माणसांनी पहिल्यांदाच माना वर केल्या. फेरतपासणीला जायच्या आदल्या दिवशी ती अजूनही जेवत नाही.

रालित्साचं लग्न झालं. तिच्या रक्ततपासणीचं नाव आम्ही कुणी काढलं नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, आईला नाही, मला.

"मामी, त्या सोफियाच्या डॉक्टरीणबाई अजून तिथेच बसतात का?"

"बसतात."

"सुट्टी घेऊन येतेय मी. आईला सांगू नकोस."

नुसती रक्ततपासणी करायची आहे की तिच्याही हाताला गाठ लागलीय, हे विचारायला मी तोंड उघडलं. तोवर तिनं फोन ठेवला होता.