कानाला चिमटा लावलेली बाई

सांगलीच्या दवाखान्यात ती कोरेगावची बाई एकदाच भेटली. सांधेवातानं बोटं वाकलेली, कानाला चिमट्याएवढं यंत्र. त्यातून कातडीवरूनच कानातल्या नसेला हलका विजेचा प्रवाह देतात, गोळ्यांच्या जोडीला. अजून प्रयोगच आहे, डॉक्टर म्हणाले होते.

"मुंगी चालल्यागत वाटतंय बगा," ती एकेक बोट मिटून बघत म्हणाली. "आता वेणी घालाय येती. बांगड्या न्हाईत चढत अजून. कासाराला म्हनलंय, वाईच थांब."

मला राहवलं नाही. मुलीच्या लग्नात कासार बांगड्या भरताना माझ्या बायकोच्या सुजलेल्या हातावर बांगडी चढेना. ती कळवळली, आणि मी भर मांडवात म्हणालो, "नाटकं पुरे!" त्यानंतर तिनं दुखणं सांगणंच सोडलं. आज तपासून घ्यायला आली तीही मुलीच्या हट्टानं. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

"आवं दादा, मला सांगून काय हुतंय? जिला म्हनलासा, तिला सांगा की!"

बायको तपासून घेऊन बाहेर आली. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मांडवात मी चुकलो गं. तुझा हात खरंच दुखत होता."

ती त्या बाईशेजारी बसली, पदराखालचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तिच्या कानातल्या चिमट्याकडं बघत विचारलं, "सुरुवातीला टोचतंय का वं?"