साडूभाऊंची धुळ्याची फेरी

खानदेशात असं एकही स्वयंपाकघर नसेल, ज्याच्या फळीवर काय काय मांडलेलं आहे हे आमच्या साडूभाऊंना ठाऊक नाही. साडूभाऊ एका चहाच्या कंपनीत जळगाव-धुळ्याचा भाग सांभाळतात. कंपनीनं त्यांना पत्ती विकायला ठेवलं आहे. त्यांचा स्वतःचा समज मात्र असा, की आपल्याला माणसाचं मन ओळखायला ठेवलं आहे आणि पत्ती हे नुसतं निमित्त. लोक कोणाच्या घरी गेले की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडतात. हे आधी पाणी मागतात, आणि कोणी उठायच्या आत "राहू द्या, राहू द्या, मीच घेतो ना भो," म्हणत थेट आत शिरतात. बाहेर येतात तेव्हा त्या घरात तेल कोणतं, साबण कोणता, पाहुण्यांची बिस्किटं आणि घरच्यांची बिस्किटं वेगळी आहेत का, हे सगळं त्यांना कळलेलं असतं. पाणी तेवढं प्यायचं राहून गेलेलं असतं.

मागे पिंप्राळ्यातल्या आमच्या शेजारच्या आबांना दवाखान्यात ठेवलं होतं. साडूभाऊ भेटायला आले आणि आबांकडे पाठ करून उशाशेजारच्या टेबलावरचे डबे न्याहाळत बसले. "पाहा मास्तर," ते मला म्हणाले (मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मी त्यांचा मास्तर), "शक्तीच्या पावडरीचे हे महागडे डबे. घेणारा वेगळा, पिणारा वेगळा. घेणाऱ्याला लोकांनी चांगलं म्हणायला हवंय आणि पिणाऱ्याला ही चव नकोय. आता जाहिरात कोणाला दाखवायची?" आबांनी सलाईन लावलेला हात कसाबसा उचलला. "अरे बाबा, माझा ताप तरी विचार ना!" साडूभाऊंनी तापही विचारला, पण तो विचारताना त्यांची नजर मोसंब्यांच्या पिशवीवर होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो कधीच येत नाही, कारण सगळे भेटून गेल्यावर त्या रात्री आबांपाशी तेच थांबले होते.

कंपनीचा नवा चहा निघाला की ते थर्मास भरून भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जातात. त्यांच्या मते सगळा देश एका ठिकाणी पाहायचा तर तिथेच पाहावा. एका जिन्यावर बंगाली, बिहारी, तेलुगू आणि आपला वरणगावचा माणूस, सगळे सापडतात. कप हातात दिला की ते पिणाऱ्याच्या भुवयांकडे टक लावून बसतात. "तोंडानं सगळेच 'छान आहे' म्हणतात. फुकटच्या चहाला कोण नावं ठेवणार? भुवई मात्र खोटं बोलत नाही." अर्थात साडूभाऊ चुकतातही, आणि चुकतात तेव्हा थाटात चुकतात. कंपनीनं लाल पुडा बदलून हिरवा केला तेव्हा "आता खानदेश हातचा गेला" म्हणून त्यांनी दोन वेळचं जेवण सोडलं. हिरवा पुडा धो धो खपला. त्यावर ते एवढंच म्हणाले, "पूनम म्हणाली होती हिरवा चांगला दिसतो म्हणून. मी ऐकलं नाही." पूनम म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिच्यापुढे मात्र साडूभाऊंचं सगळं शास्त्र पार लुळं पडतं.

गेल्या वर्षी या पूनमला धुळ्याचं स्थळ आलं. ते आपोआप आलेलं नव्हतं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, दोघांनी केव्हाच ठरवलेलं, आणि हे घरात फक्त तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला माहीत. मुलाचे वडील एसटीतून निवृत्त झालेले, मानी आणि तापट. आधीची दोन स्थळं त्यांनी किरकोळ बोलण्यावरून परत पाठवली होती. आम्ही घर पाहायला निघालो त्या सकाळी पूनमनं माझा हात धरला. "काका, काही करा, पण पप्पांना आत जाऊ देऊ नका. हे मोडलं ना, तर मी दुसरीकडे कुठेच हो म्हणणार नाही." तिचे डोळे भरले होते. मी छातीठोकपणे हो म्हणालो.

धुळ्याच्या त्या बैठकीत मुलाचे काका मला पगारवाढीबद्दल काहीतरी विचारू लागले आणि मी उत्तर देण्याच्या नादात मान वळवली, तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी झाली. आतून साडूभाऊंचा आवाज येत होता. मुलाच्या आईला ते विचारत होते, हा चहा किती वर्षांपासून घेता, दुसऱ्या पुड्यावर चमचा फुकट मिळाला तर बदलाल का, भाव वाढला तेव्हा काय केलं. माऊलीही रंगात येऊन, सासूच्या काळापासून हाच चहा आणि घरात सगळं आहे, असं अहिराणीत सांगत होती, "मनी सासूना वखतपासून हाऊच चहा शे आमना घरमा. चमचा काय करवाना? घरमा बठ्ठं शे!" बाहेर मुलाच्या वडिलांचा चेहरा लाल होत चालला होता. मुलगा चुळबुळत जमिनीकडे पाहत होता. माझ्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीतच आक्रसलो.

साडूभाऊ बाहेर आले, ते हसत. वडील उठून उभे राहिले. "नाना, दुकान देखाले उनात का पोऱ्या देखाले?"

दुकान पाहायला आलात की मुलगा, असा तो सवाल होता. मला वाटलं, संपलं सगळं. साडूभाऊंचं हसू मावळलं. त्यांनी हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं. मला दुसरं काही येत नाही हो. आयुष्य माणसांना त्यांची आवड बदलायला लावण्यात गेलं. आज तुमच्या घरी पुष्कळ फिरवून पाहिलं, पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. ज्या घराचं मन एकदा बसलं की उठत नाही, तिथं पोरगी द्यायला मला भीती वाटत नाही." एसटीचे भाऊ खाली बसले आणि आत बघून म्हणाले, "चहा टाक व. आते हाऊ व्याहीच व्हयी गया!"

लग्न थाटात झालं. पूनम सासरी रमली. बिघडलं ते साडूभाऊंचं. धुळ्याला महिन्यातून एकदा जाणारा माणूस आठवड्याला जाऊ लागला. साहेबांनी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "सर, धुळ्याचं मार्केट सध्या नाजूक आहे. जातीनं लक्ष द्यावं लागतंय." साहेबांना ते पटलंही.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो. पूनमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ते थांबले. मी म्हटलं, "चला की घरी." ते म्हणाले, "नको. मंगळवारीच येऊन गेलो. लेकीच्या घरी रोज रोज गेलेलं बरं दिसत नाही." मग आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी उभे राहिलो. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ?" साडूभाऊंनी ऐकलंच नाही. थोड्या वेळानं समोरच्या गच्चीवर पूनम आणि तिची सासू वाळलेले कपडे काढायला आल्या. सासू काहीतरी बोलली आणि पूनम चादर तोंडाशी धरून खळखळून हसली. तिचं खाली लक्ष नव्हतं.

साडूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हसतेय. चला मास्तर, जळगावची गाडी चुकेल."